अर्ध्या टाकीचा अहवाल

तेव्हा मी परभणीच्या कॉलेजात शिकवत होते आणि मला वाटायचं, पाणी माझं ऐकतं. आता नातवंडंसुद्धा ऐकत नाहीत, तेव्हा कुठे अक्कल आली आहे.

सेलूच्या एका सरकी-तेलाच्या गिरणीत सांडपाण्याची टाकी होती. पाण्यात हवेचे बारीक बुडबुडे सोडायचे, ते तेलाला चिकटून त्याला वर आणतात. वरची साय ओढून काढायची आणि खालून स्वच्छ पाणी सोडायचं. इथे त्या स्वच्छ पाण्यातच तेल यायचं. शेठ म्हणायचे, टाकीवरचे मामा हयगय करतात. मामा म्हणायचे, खोट टाकीतच आहे. निवाडा करायला मला बोलावलं. टाकी निर्दोष निघाली तर मामा घरी.

मी नकाशावरून टाकी कॉम्प्युटरात उतरवली. तिच्या बारीक चौकटी पाडायच्या आणि प्रत्येक चौकटीत पाणी कुठे वळतं, ते गणितानं काढायचं. पण अख्खी टाकी त्या मशीनमध्ये मावेना. म्हणून मधोमध रेघ मारून मी अर्धीच घेतली. दुसरी अर्धी आरशातल्यासारखी, तिला काय बघायचं! केवढी हुशार बाई.

त्या अर्धीनंही छळलं. गणित दोन-दोन दिवस चालायचं आणि संपत आलं की लाईट जायची. पुन्हा पहिल्यापासून. नामांतराच्या बंदात कॉलेजच्या फाटकाला कुलूप लागलं, तर मी बाहेर उभी राहून आतल्या मशीनच्या नावानं बोटं मोडत होते.

शेवटी निकाल छापून आला. सगळे बाण सरळ, शाळेच्या रांगेसारखे. टाकी निर्दोष! अहवाल शेठसमोर ठेवून मी ठसक्यात म्हणाले, "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." शेठनी मामांना काम सोडायला शनिवारपर्यंतची मुदत दिली.

मामांनी अहवाल उलटासुलटा करून पाहिला.

"म्याडम, ही तर अर्धीच हाय. दुसरी अर्धी कुठाय?"

"ती अशीच असते, मामा."

"बगितली का?"

"बघावी लागत नाही."

"भाकरीच्या दोन बाजू सारक्या असतेत का? येकीला पापुद्रा येतो, येकीला न्हाई. सैपाक करता का न्हाई तुमी?"

करत नव्हते. ते त्यांनी ओळखलंच होतं.

मग त्यांनी हवा बंद केली, साय बाजूला सारली आणि खिशातल्या मूठभर लाह्या टाकीच्या तोंडाशी फेकल्या. डावीकडच्या लाह्या भिंतीला धरून पळत सुटल्या आणि क्षणात पलीकडे पोचल्या. उजवीकडच्या जागच्या जागी गिरक्या घेत राहिल्या.

"डाव्या अंगानं पळायलंय पानी. बुडबुड्याला तेल धरायला टाइम कुठाय?"

कारण समोरच होतं. नकाशात सरळ येणारा पाइप प्रत्यक्षात लिंबाच्या झाडाला वळसा घालून, अगदी तोंडाशी वाकून टाकीत शिरत होता. ते झाड मी तीनदा पाहिलं होतं. त्याच्याच सावलीत बसून चहा प्याले होते.

धावत शेठकडे गेले. लाह्यांचं सांगितलं. ते हसले.

"म्याडम, कॉम्प्युटर खोटं बोलत नाही. तुम्हीच म्हणालात ना? आता लाह्यांवर भरवसा ठेवू?"

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. परभणीला परतले, चौकटी मोठ्या केल्या आणि वाकडा पाइप घातला. आता अख्खी टाकी मावली. हे पहिल्याच दिवशी करता आलं असतं! लाईट दोनदा गेली. शनिवारी सकाळी कागद हातात आला आणि तो घेऊन मी पॅसेंजर पकडली.

शेठनी कागदावरचे वाकडे बाण पाहिले आणि लगेच मान डोलावली. पाइप सरळ करायचं ठरलं, मामा राहिले. लाह्यांनी जे दोन मिनिटांत सांगितलं, तेच कागदावर आल्यावर खरं झालं. मला आनंद व्हायला हवा होता. झाली ती चिडचिड.

मामा लिंबाखाली जेवायला बसले होते. माझ्या पहिल्या अहवालाची पानं फाडून त्यांनी भाकरी-चटणी बांधून आणली होती.

"बसा म्याडम, खावा," म्हणाले आणि कागद माझ्यापुढे धरला. चटणीचं तेल एकाच बाजूनं झिरपून बाहेर आलं होतं.

"डावी," मामा म्हणाले.