आमच्या कंपनीचं वय

हॅम्बर्गला मी ज्या कंपनीत नोकरीला होते, तिचं वय नक्की किती हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं की विक्री विभागाचे लोक सांगायचे, आम्ही जवळजवळ शंभर वर्षं विमानाच्या धंद्यात आहोत. त्याच गिऱ्हाइकाने युद्धाचा विषय काढला की तेच लोक त्याच गोड आवाजात सांगायचे, आमची कंपनी युद्धानंतरची, आधीच्या कंपनीशी तिचा कायदेशीर संबंध नाही. दोन्ही वाक्यं माहितीपत्रकात छापलेली होती, फक्त वेगवेगळ्या पानांवर.

खरं तर आम्ही विमानं बनवतच नव्हतो. प्रवासी विमानातली सामानाची कपाटं आणि संडासाचे दरवाजे बनवायचो. मी दरवाजांकडे होते. पुण्यात इंजिनिअरिंग आणि इथे मास्टर्स करून मी दिवसभर संडासाची कडी किती जोरात ओढली तर तुटते, याचा अभ्यास करायचे आणि आईला फोनवर 'एव्हिएशनमध्ये आहे' असं सांगायचे. तेव्हा स्वतःला जरा थोर दाखवायची हौस एकट्या कंपनीलाच होती असं नाही.

मग कंपनीचं युबिलेऊम आलं. मोठा वर्धापनदिन म्हटल्यावर शंभरीचा हिशोबच सोयीचा पडला आणि एक समिती नेमली गेली. आमचे विभागप्रमुख तिचे अध्यक्ष. साठीकडे झुकलेले, सौम्य गृहस्थ. प्रत्येक वाक्याची सुरुवात 'आल्झो'ने, म्हणजे 'तर मग'ने, करायचे आणि पुष्कळदा तिथेच थांबायचे. त्यांनी मला समितीत घेतलं, 'आंतरराष्ट्रीय दृष्टिकोनासाठी'. माझा दृष्टिकोन काय आहे हे कुणी विचारलं नाही. मी बैठकीला बसले की तो आपोआप आलाच, असं समजत असावेत.

कॅन्टीनकडे जाणाऱ्या बोळकांडीत कंपनीच्या इतिहासाचे फोटो होते. आधी मिशीवाले संस्थापक आणि त्यांचं लाकडी विमान. मग टपाल नेणारं विमान, त्याच्याशेजारी फुलं घेऊन उभ्या मुली. त्यानंतर कॉफीचं मशीन. मशीनच्या पलीकडे एकदम चकचकीत ॲल्युमिनियमची पातेली, कारण युद्धानंतर विमानं बनवायला बंदी होती आणि पत्रा उरला होता. टपालाच्या विमानातून उतरलेला माणूस थेट पातेल्यात पडावा, तसा तो इतिहास होता.

समितीतल्या एका तरुण मुलीने सुचवलं की मधल्या काळाबद्दल काहीतरी लिहायला हवं, पाहुणे विचारतील. त्यावर एक अख्खी बैठक खर्ची पडली. शेवटी वाक्य तयार झालं : 'पुढील काळात उत्पादनाला अन्य दिशा दिली गेली.'

मी विचारलं, "कुणी दिली?"

"गेनाऊ," विभागप्रमुख म्हणाले, म्हणजे 'अगदी बरोबर', आणि केकच्या विषयाकडे वळले. केक विमानाच्या आकाराचा असणार होता. कापताना पंख आधी कापला तर ग्राहकांच्या मनात शंका येईल का, यावर मात्र मनमोकळी चर्चा झाली.

त्याच सुमारास माझे सासरे पुण्याहून आमच्याकडे राहायला आले होते. निवृत्त सरकारी नोकर. त्यांना छोटी विमानं जोडायचा नाद होता. कोथरूडच्या घरात त्यांचं एक काचेचं कपाट आहे, त्यात दुसऱ्या महायुद्धातली जर्मन विमानं ओळीने उभी. जर्मन माणूस म्हणजे शिस्त, या मतावर ते ठाम होते. हॅम्बर्गची लोकल, एस-बान, वीस मिनिटं उशिरा आली तर म्हणायचे, "काहीतरी तसंच कारण असणार. उगाच नाही उशीर करायचे ते."

वर्धापनदिनाला कारखाना सर्वांना खुला होता, घरच्यांना घेऊन यायचं होतं. सासरे कोट घालून निघाले. बाहेर भुरभुर पाऊस होता, तरी छत्री नको म्हणाले. माझे दरवाजे त्यांनी कौतुकाने उघडून-मिटून पाहिले. मग आम्ही बोळकांडीत आलो आणि ते कॉफीच्या मशीनसमोर थांबले. डावीकडे टपालाचं विमान पाहिलं, उजवीकडे पातेली पाहिली.

"अगं, मधलं कुठाय?"

"मधे कॉफी आहे, बाबा."

तेवढ्यात विभागप्रमुख त्यांच्या आईला घेऊन आले. ऐंशी ओलांडलेल्या बाई, काठी टेकत, हातात केकची बशी. ओळखी झाल्या. सासऱ्यांनी विभागप्रमुखांचा हात दोन्ही हातांत घेतला आणि खणखणीत इंग्रजीत म्हणाले, "साहेब, युद्धातली तुमची विमानं जगात एक नंबर होती. इथे एकही फोटो नाही? लाज कसली त्यात?"

गेले कित्येक महिने ज्या वर्षांचं नाव काढायचं सगळे टाळत होते, त्यांची आठवण करून देणारा पहिला माणूस कौतुक करायला आलेला निघाला. विभागप्रमुख कानापर्यंत लाल झाले. "आल्झो," म्हणाले, आणि थांबले.

"काय म्हणतायत ते?" आईने विचारलं.

"पावसाबद्दल बोलतायत, मम्मा."

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही सांगा."

मी सांगितलं. विभागप्रमुख मशीनकडे बघत उभे राहिले.

बाईंनी बशी खाली ठेवली. "त्यांना सांगा, मी तेव्हा शाळेत जायचे. आमचं घर याच रस्त्याला होतं. विमानाचे पंख इथेच व्हायचे. ते करणारे कैदी छळछावणीतून आणायचे. रोज सकाळी लाकडी बुटांचा आवाज यायचा, पुष्कळ बुटांचा. आई खिडकी लावून घ्यायची. तरी ऐकू यायचं. संध्याकाळी परत जाताना आवाज कमी असायचा."

मी मराठीत सांगत गेले. समितीच्या बैठकांत जर्मन शब्द भराभर पुढे सरकायचे. इथे 'कैदी' म्हणताना, 'आवाज कमी असायचा' म्हणताना मला थांबावं लागलं. सासरे माझ्याकडे न बघता त्या बाईंकडे बघत होते.

"मम्मा," विभागप्रमुख हळूच म्हणाले, "हे तू मला कधी सांगितलं नाहीस."

"तू विचारलं नाहीस. इथे नोकरी लागली तेव्हा फार खुशीत होतास."

सासऱ्यांनी मला विचारायला सांगितलं, त्या लोकांना जेवायला काय देत होते. बाई म्हणाल्या, ते काही दिसायचं नाही, पण खाऊन येणारी माणसं तशी चालत नाहीत. मग सासऱ्यांनी कॅन्टीनमधून एक खुर्ची आणली, बाईंना बसवलं आणि स्वतः शेजारी उभे राहिले. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. थोड्या वेळाने बाईंनी केकचा पंख काट्याने तोडला आणि म्हणाल्या, जरा कोरडा झालाय.

 परतीच्या गाडीत सासरे म्हणाले, "सोसायटीतल्या पोरांना मी कपाट दाखवतो ना, तेव्हा प्रत्येक विमानाचा वेग सांगतो. पंख कुणी केले, ते खोक्यावर लिहिलेलं नसतं गं."  

पुढच्या बैठकीत विभागप्रमुखांनी 'आल्झो' न म्हणता सांगितलं, मधल्या काळाचा फलक लावायचा. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, आणि आपलंही हेच मत होतं असंही सगळ्यांना आठवलं. एक इतिहासकार नेमले गेले. त्यांचा मजकूर कायदा विभागाकडे गेला आणि 'आमच्या कारखान्यात' हे शब्द 'तत्कालीन आवारात' होऊन परत आले. छळ झाला होता, पण कुणी केला नव्हता. विभागप्रमुख एरवी कुणाशी भांडत नसत. या वेळी महिनाभर भांडले आणि एक वाक्य त्यांनी परत मिळवलं : 'या कंपनीने छावणीतल्या कैद्यांकडून काम करून घेतलं.' कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागेवर. त्याचं इंग्रजी मी केलं. त्यात करण्यासारखं फार काही नव्हतं.

फलकाच्या अनावरणाला विभागप्रमुखांच्या आईने यावं, असं समितीने ठरवलं. वर्तमानपत्राचा फोटोग्राफरही सांगून ठेवला होता. बाईंनी नकार कळवला. त्या दिवशी त्यांची केस सेट करायची वेळ ठरलेली होती, आणि फलकावर काय लिहिलंय ते त्यांना माहीत होतं. तुम्ही वाचून घ्या, म्हणाल्या.