आर्क विझल्यावर

वेल्डिंगची ठिणगी, म्हणजे आर्क, विझला तरी मी हातातला वेल्डिंगचा टॉर्च जोडावरून लगेच उचलत नाही. तेवढ्या वेळात अकोल्याचे ते काका आठवतात. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

त्यांचं जुनं टिग वेल्डिंग मशीन घ्यायला मी अमरावतीहून गेलो होतो. बटनांवरची अक्षरं पार पुसली होती. काकांनी चष्मा कपाळावर सारला आणि न बघताच बोटं फिरवली. ‘हे करंटचं. हे अल्युमिनियमसाठी. अन् हे गॅसचं.’

मशीन तपासायला मी स्टीलच्या दोन पट्ट्या जोडल्या आणि सवयीने टॉर्च उचलला. जोड काळा पडला.

काका खेकसले, ‘काहून घाई करता, भाऊ? आर्क विझला तरी गॅस चालूच रायते. गरम जोडाले हवा लागू देऊ नोका. थंडा होईस्तोर हात तिथंच राहू द्या.’

दुसरा जोड चांदीसारखा निघाला.

‘इतकी चांगली मशीन इकता काहून?’ मी विचारलं.

‘डोये थकले.’

मशीन ऑटोत चढवलं, दोर बांधला. ऑटो सुरू झाला, तरी काकांचा हात मशीनवरच होता. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

‘काहून घाई करतं, भाऊ?’ मी त्याला म्हटलं.