अकरा शोकसभांची तोडी

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी प्रेमिला गजभिये खापरखेड्याच्या वीज वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये तानपुरा जुळवत होत्या. दहाला मुकुंदरावांची शोकसभा होती. त्यांच्या पत्नी यमुताई शेजारच्याच. त्यांनी आधीच बजावलं होतं, "त्यायले आवडायची ती तोडीच म्हण वं."

प्रेमिलाबाई शाळेत संगीत शिकवतात. तोडीतली ही विलंबित, संथ लयीची बंदिश त्यांनी विसाव्या वर्षी गुरुजींकडून घेतली. गुरुजींना शब्दांविषयी विचारायची पद्धत नव्हती. आधी सूर बसव, म्हणायचे. 'तो घरी आला, दिवे लावा' एवढं कळलं. घर म्हणजे मृत्यूनंतरचं, असं बाईंनीच धरलं. अकरा शोकसभांत त्या ही तोडी गायल्या. लोक रडले.

साडेसहाला त्यांची शिष्या पायल आली, ती एका जुन्या संग्रहातल्या पानाची झेरॉक्स घेऊन. त्यात या बंदिशीखाली टीप होती : सरदाराच्या मुलाची वरात परतली तेव्हा रचलेली, मध्य लयीत गायची.

"मॅडम, हे तर लग्नातलं आहे. शोकसभेत काहून म्हणता?"

"माहीत नव्हतं."

"आता झालं ना माहीत."

बाईंनी टीप तीनदा वाचली. मग तानपुरा ठेवून त्या यमुताईंकडे गेल्या आणि सगळं सांगितलं.

"वरातीचं?" यमुताई म्हणाल्या. "आमच्या वरातीत तर बँडही नव्हता. एस्टीच्या टपावर कपड्यांची पेटी टाकून आणलं यायनं मले. म्हण तू."

"दुसरं म्हणते ना."

"दुसरं त्यायले समजत नव्हतं."

"अन् हे काय समजायचं?"

"मले काय माहीत? तुलेच आज समजून राहिलं!"

दहाला बाईंनी नेहमीसारखीच संथ सुरुवात केली. तिसऱ्या आवर्तनात आलाप लांबवायला घेतला आणि मध्येच सोडला. दिवे लावा, हे इतकं रेंगाळत कोण सांगेल? त्यांनी तबलजी अंकुशला लय वाढवायची खूण केली. तो गोंधळला, मग वाढवली. पुढच्या रांगेतल्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. या वेळी कोणी रडलं नाही. यमुताईंची बोटं मांडीवर ठेका धरत होती.

बंदिश आज पहिल्यांदा नीट गायली गेली की शोकसभा बिघडली, हे बाईंना घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

"मॅडम, मले कोणत्या लयीत शिकवाल?" वाटेत पायलने विचारलं.

उद्या शनिवार. शाळा साडेसातची, त्याआधी, साडेसहाला, पायलचा तास आहे.