दादा हलतात

माणसाचा फोटो काढण्याआधी त्याची शेतजमिनीसारखी मोजणी करणारा इसम अख्ख्या मराठवाड्यात एकच आहे, आणि तो साडू म्हणून माझ्या वाट्याला आलेला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान. उभी हयात जमीन मोजणीच्या नोकरीत गेली. निवृत्त झाल्यावर चारचौघांसारखं बागेत बसून गुडघ्यांविषयी बोलायचं, तर यांनी शहरातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून आजोबांच्या वयाचा लाकडी कॅमेरा उचलून आणला. पुढं भिंग, मागं दुधी काच, मधे लोहाराच्या भात्यासारखी कातडी घडी, खाली स्टँड आणि वरून डोकं झाकायला काळं कापड. एका वेळी एकच फिल्म, तीही पोस्टकार्डाहून मोठी. त्या दुधी काचेवर जग उलटं दिसतं. साडूभाऊंनी मला पहिल्यांदा कापडाखाली घातलं, तेव्हा माझी मेहुणी छताला लोंबकळत मटार सोलताना दिसली. मी मन भरेपर्यंत पाहून घेतलं. साडूभाऊंना मात्र त्याचं काही वाटलं नाही. त्यांच्या मोजणीच्या जुन्या दुर्बिणीतूनही सगळं उलटंच दिसायचं. म्हणाले, "मला सरळ दिसलं की संशय येतो."

हा माणूस शिकायला बसला की घरादाराला शिकावं लागतं. फिल्म होल्डरमधे भरायची ती मिट्ट काळोखात, म्हणून उस्मानपुऱ्यातल्या त्यांच्या घरची न्हाणी गेली. दाराच्या फटीत सतरंज्या कोंबून ते आत जात आणि बाहेर सगळं घर टॉवेल खांद्यावर टाकून उभं. हाताला सवय व्हावी म्हणून ते कुठंही सराव करत. एका साखरपुड्यात पानावर बसल्या बसल्या डोळे मिटून आमंत्रणपत्रिका पाकिटात सरकवायची, काढायची, परत सरकवायची, असं त्यांचं चाललं होतं. शेजारच्या बाईंना वाटलं, अन्नाला नमस्कार करताहेत. त्यांनीही हात जोडले. खरी फिल्म महाग पडते, म्हणून यांनी एक्स-रेची फिल्म वापरायचं ठरवलं. ती आणायला मी सोबत होतो. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "किसका है? हाथ या पाँव?" साडूभाऊ गंभीरपणे म्हणाले, "पूरे दादा का." दुकानदारानं हळहळून गठ्ठा पुढं केला आणि अल्लाह खैर करे म्हणाला.

हे दादा म्हणजे साडूभाऊंचे थोरले भाऊ. देवगाव रंगारीला शेती करतात, ऐंशीच्या घरात आहेत. हा सगळा खटाटोप त्यांच्यासाठी होता. आपल्याकडं माणूस गेला की तिसऱ्या दिवसापासून फोटोची शोधाशोध सुरू होते. यांच्या वडलांचा फोटो असाच कुठल्याशा लग्नाच्या घोळक्यातून डोकं तेवढं कापून काढलेला. फोटोवाल्यानं त्याला स्वतःकडचा तयार कोट-टाय जोडला. जन्मात बंडीखेरीज काही न घातलेला तो शेतकरी भिंतीवर विमा एजंट होऊन बसला आहे. आणि दादांचा एकुलता एक फोटो आधार कार्डावरचा, ज्यात ते नुकतेच चोरी करताना सापडल्यासारखे दिसतात. दादांना हे भोगू द्यायचं नाही, त्यांच्या जिवंतपणी, त्यांच्याच अंगणात, त्यांचा खरा फोटो काढायचा, असं साडूभाऊंनी मनाशी पक्कं केलं होतं. मी एकदा मोबाइल पुढं केला, तर म्हणाले, "मोबाइलमधला माणूस बोटानं सरकवता येतो. दादा सरकवायचा माणूस नाही."

दादांना हे कळलं तेव्हा ते बाजेवरून उठलेही नाहीत. "बारक्या, मला हार घालायची एवढी घाई झाली व्हय रं?" म्हणाले आणि तंबाखू मळत बसले. साडूभाऊंनी वाद घातला नाही. पुढल्या रविवारी परत गेले. त्याच्या पुढल्याही. तोवर या भावांची गाठ वर्षातून एकदा, दिवाळीला पडायची. आता दर रविवारी आमची गाडी खुलताबादचा घाट चढू लागली. मागच्या सीटवर काळ्या कापडात गुंडाळलेला कॅमेरा आणि पुढं तसेच ताठ बसलेले साडूभाऊ. अखेर दादांनी कंटाळून होकार दिला.

मग मोजणी सुरू झाली. साडूभाऊंनी अंगणात चार खुंट्या ठोकून खुर्चीची जागा कायम केली, टेप ताणून दादांच्या नाकापासून भिंगापर्यंतचं अंतर घेतलं, ते दोनदा मोठ्यानं म्हटलं, मला पुन्हा म्हणायला लावलं आणि कापडाखाली गडप झाले. स्टँड, टेप आणि खुंट्या पाहून गावात बातमी गेली की मोजणी आली. घटकाभरात शेजारच्या रानाचे एक शेतकरी सातबारा छातीशी धरून हजर. बांध गेल्या पावसात त्यांचाच दादांच्या शेतात आला होता, त्यामुळं घामही त्यांनाच जास्त. ते त्या काळ्या कापडाला उद्देशून बोलू लागले, "सायब, आधी आमचं बी ऐकून घ्या." कापडातून उत्तर आलं, "हलू नका." ते गृहस्थ साडूभाऊ बाहेर येईपर्यंत तसेच उभे राहिले. त्यांच्याइतका स्थिर माणूस मी पाहिलेला नाही. फोटो खरं तर त्यांचाच काढायला हवा होता.

कारण दादा हलले. एक्स-रेच्या फिल्मला सावलीत दोन सेकंद तरी लागतात. साडूभाऊ "हं" म्हणत, भिंग उघडत, मग "झालं" म्हणत, आणि तेवढ्या मधल्या वेळात दादांची मान जायची. एका रविवारी माशी आली, एकदा गाय हंबरली, एकदा खोकला. उरलेल्या रविवारी साडूभाऊंनी स्वतः घोळ घातला; एकदा फिल्म उलटी भरली, एकदा भिंग बंद करायचं विसरून फिल्म झाकणारी होल्डरची झडप ओढली आणि फिल्म काळी पडली. बाकी प्रत्येक फिल्मवर धुतल्यावर खुर्ची, भिंत, दावणीची गाय सगळं लख्ख, आणि दादांच्या जागी धूर. मेहुणी म्हणाली, आता तरी बास करा. साडूभाऊंनी न्हाणीचं दार लावून घेतलं.

एका रविवारी मी छत्री धरून दादांच्या बाजूला उभा होतो. "हं" झालं. माशी नव्हती, गाय गप्प होती, आणि दादांनी सावकाश, मन लावून मान डावीकडं नेली आणि परत जागेवर आणली. साडूभाऊ होल्डर घेऊन ओसरीत गेल्यावर मी खुर्चीपाशी वाकलो आणि मुद्दाम का हलता, ते विचारलं. दादांनी आधी ओसरीकडं पाहिलं.

"फोटू झाला की कशाला येतोय त्यो इकडं?" ते म्हणाले. "नाय यायचा. मी वळखतो त्याला."

परतताना खुलताबादला चहाला थांबलो तेव्हा मी साडूभाऊंना हे सांगून टाकलं. त्यांनी कप बशीच्या बरोबर मध्यावर ठेवला. मग म्हणाले, "पण फोटो तर काढायचाच आहे."

पुढच्या रविवारी त्यांनी खुंट्या ठोकल्या, टेप ताणला, कापडाखाली गेले, बाहेर आले, होल्डर लावला आणि काहीतरी राहिल्यासारखे उगाच रेंगाळले. "हं" काही म्हणाले नाहीत. विहिरीवरची मोटार चालू होती. साडूभाऊ सहज बोलावं तसं बोलले, "दादा, मोटारीचा आवाज बदलला का?"

विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटार हवा ओढू लागते, आणि ते शेतकऱ्याच्या कानाला आधी कळतं. दादांनी हातातली तंबाखू तशीच ठेवली. मान किंचित कलती, नजर विहिरीच्या दिशेला, श्वाससुद्धा थांबलेला. भिंग उघडणाऱ्या खटक्यावर साडूभाऊंचा अंगठा दबला आणि सुटला. मग दादा म्हणाले, "नाय, ठीक हाय."

तो फोटो मी पाहिला आहे. साडूभाऊंनी न्हाणीतल्या लाल दिव्याखाली मला मुद्दाम बोलावून दाखवला. कपाळाच्या आठ्या, पागोट्याचा एकेक पीळ, कानाच्या पाळीवरचे पांढरे केस. आणि कशाकडं तरी पूर्ण लक्ष लागलेला माणूस. इतका जिवंत, की मीही कान देऊन मोटार ऐकू लागलो. वाळल्यावर साडूभाऊंनी तो कागदात गुंडाळला आणि कपाटात, स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टांखाली ठेवला.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा ते न्हाणीत गेलेच नव्हते. रिकामा होल्डर त्यांनी माझ्यासमोर पिशवीत टाकला आणि म्हणाले, "चला, दादा वाट बघत असेल."

देवगावला अंगणात खुर्ची आधीच मांडलेली होती. साडूभाऊंनी नाकापासून भिंगापर्यंत मोजून घेतलं, कापडाखाली जाऊन आले, होल्डर लावला, झडप ओढली आणि "हं" म्हणाले. दादांनी मान हलवली. साडूभाऊ डोक्याला हात लावून मटकन ओट्यावर बसले.

"परत हललास, दादा."

"वय झालं रं," दादा म्हणाले. "पुढच्या ऐतवारी बघू."