खालचा सूर

वामनचं गाणं मी बंद पाडलं. आमच्या भजनी मंडळात पेटी माझ्याकडे होती आणि पट्टी ठरलेली, काळी चार. वामनचा आवाज तिथवर चढत नसे. तो खाली, खर्जात गायचा. एकदा सगळ्यांसमोर मी म्हणालो, "वामन्या, तू आपला टाळच धर. तुझा आवाज म्हणजे पिठाची गिरणी!" सगळे हसले, तोही हसला. त्यानंतर तो नुसता टाळ वाजवत राहिला.

परवा मोबाइलवर एक म्हातारा इटालियन गायक पाहिला. ऑपेरात सगळ्यात खालच्या आवाजात गाणारा, जगभर नावाजलेला. अशा आवाजाच्या वाट्याला नायक सहसा येत नाही. उभं आयुष्य तो राजे, धर्मगुरू आणि सैतान रंगवत आला. खालच्या सुरावर उतरण्याआधी त्याने हनुवटी छातीकडे घेतली आणि डोळे मिटले. अगदी वामनसारखे. भाषा कळत नव्हती, तरी अंगावर काटा आला. उंच जाणाऱ्या सुराकडे आपण मान वर करून पाहतो. पण त्याला उभं राहायला जी जमीन लागते, तिलाही आवाज असेल, हे मला कधी सुचलंच नव्हतं.

तेव्हापासून घरात एकटा असलो की तो खर्ज ऐकू येतो, आणि तो त्या इटालियनाचा नसतो.

काल वामनकडे गेलो.

"काय पेटीमास्तर, वाट चुकलास?" तो म्हणाला.

"वामन, तुझ्यासाठी मी पट्टी खाली घ्यायला हवी होती. घेतली नाही, वर तुला हसलो. मला माफ कर."