वीतभर कमी काठी

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर शाळा सुटली. हे कुणाच्या हाती पडलंच, तर चुका सांभाळून घ्याव्यात. पण एकटीनं नगरला जाऊन आले, ते लिहून ठेवावंसं वाटलं.

आमचं गाव मुळा धरणाच्या फुगवट्यावर (धरणाचं पाणी मागे पसरतं त्या भागात) आहे. आमचे मालक मासेमारी करतात. गेल्या वर्षी मोटारसायकलवरून पडून त्यांचा उजवा खांदा गेला. कोपरापासून हात चालतो, पण वर उचलत नाही. जाळं फेकता येईना, ओढता येईना. होडी काठावर पालथी पडली. चुलत दीर आले आणि म्हणाले, "वैनी, अशी पडून कुजंल ती. आवसंनंतर मी घिऊन जातो, पैसं देतो." मालकांनी होकाराची मान हलवली आणि दोन दिवस काठाकडे फिरकले नाहीत.

तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "गळानं जमंल. डाव्या हातात काठी धरीन, उजव्यानं रीळ फिरवीन. पर काठी लांब पायजे."

एका हातानं तोल सावरत नाही म्हणून त्यांना होडीत उभं राहता येत नाही, मधल्या फळीवर बसूनच धरावं लागणार. मोठा मासा होडीच्या नाकाखाली पळाला की तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) लाकडावर घासून तुटतो. म्हणून काठीचं टोक नाकाच्या पुढे जायला हवं. आम्ही फळीपासून नाकापर्यंत सुतळी धरली आणि गाठ मारली. बसचे धक्के त्यांच्या खांद्याला सोसत नाहीत. मीच जायचं ठरलं. मला किराणा दुकानातसुद्धा दुसऱ्याच्या मागे उभं राहायची सवय. रात्रभर डोळा लागला नाही.

सकाळी शेजाऱ्यांच्या होडीतून पलीकडे उतरले, वडापच्या (शिटा भरून जाणाऱ्या) रिक्षानं राहुरी गाठली आणि तिथून बस. उसाच्या ट्रॉल्यांमागे बस रखडत होती. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं असतं, पण कंडक्टरही नगरच म्हणाला. तारकपूर स्टँडवर उतरले. भाकरी-ठेचा बांधून आणला होता, तो बाकावर बसून खाल्ला. मग विचारत विचारत बाजारात गेले.

दुकान जाळ्यांचं, दोरखंडांचं. आत सगळे पुरुष. मी पायरीवरच उभी राहिले. शेवटी दुकानदारच म्हणाला, "काय पायजे, ताई?"

"गळाची काठी. लांब. होडीतून धरायची."

एक गिऱ्हाईक हसून म्हणालं, "घरवाल्याला बसवून ताईच निघाल्या काय पाण्यात?" कान तापले. परत फिरावं असं वाटलं.

दुकानदारानं एक काठी दिली. नळीत नळी बसवलेली, ओढली की लांब होणारी. मिटली की हातभर. पैशात बसत होती. मी सुतळी काढली तसे सगळे बघायला लागले. काठी गाठीच्याही पुढे गेली. पण टोक जमिनीला टेकवून जरा दाबलं, तर वरची नळी सरकन आत गेली.

"अशी दाबायची नसती, ताई. मोडली तर घ्यावी लागंल."

दुसरी काठी दोन तुकड्यांची होती. जोडली की भरीव वाटत होती. ती मी तरीही वाकवून बघितली. कमानीसारखी वाकली आणि सोडल्यावर सरळ झाली. पण सुतळीला लावली तर गाठीपासून वीतभर कमी भरली. त्याहून लांब होती ती माझ्या आवाक्याबाहेरची.

मग दुकानदारानं दाखवलेल्या रिळाचा (तंगूस गुंडाळायच्या चाकाचा) दांडा डावीकडे होता. आमच्या मालकांना उजवीकडे हवा. बदलता येतो का, हे विचारायचा धीर व्हायला किती वेळ गेला कोण जाणे. दुकानदारानं स्क्रू फिरवून दांडा काढला आणि सहज दुसऱ्या बाजूला बसवला. एवढी एक गोष्ट सोपी निघाली.

काठी आणि रीळ मिळून पैसे थोडे कमी पडत होते. दुकानदार म्हणाला, "मालकांना फोन लावा." त्याच्याच फोनवरून लावला.

"अहो, पक्की हाय ती वीतभर कमी हाय. लांब हाय ती कच्ची हाय."

ते पलीकडून म्हणाले, "मोडायची न्हाई ना?"

"न्हाई वाटत."

"मग आण."

दुकानदारानं फोन घेतला, गाव विचारलं आणि म्हणाला, "राहिलेलं मासे विकल्यावर द्या. पण द्या."

परतीच्या बसमध्ये कंडक्टर म्हणाला, "मावशी, भाला घिऊन कुठल्या लढाईला?" बस हसली. काठीचे तुकडे गोणपाटात गुंडाळून पायाशी आडवे ठेवले होते. विळद घाटात करकचून ब्रेक लागला आणि पुढच्या माणसाची कांद्याची गोणी सरकत आली. मी पाय मध्ये घातला. नडगी काळीनिळी झाली. काठी वाचली.

घरी मालकांनी काठी जोडली, तोलून बघितली. मग टोकाच्या पुढची वीत हवेत मोजली. त्यानं माझी धाकधूक वाढली.

आवसेच्या आदल्या दिवशी शेजाऱ्यांनी होडी सरळ करून दिली. एका हातानं वल्हं मारता येत नाही, म्हणून वल्ह्यावर मी. गळाला पेंड आणि पिठाचा गोळा. ऊन चढेपर्यंत काही नाही. मग काठी एकदम वाकली, रीळ करकरलं.

"कटला हाय! मोठा हाय!"

मासा थेट होडीच्या नाकाकडे पळाला. त्यांनी डावा हात ताणला, काठी पुढे केली, आणि नेमकी तेवढीच वीत कमी पडली. तंगूस नाकाला टेकला.

"घासतंय! नाक फिरव!"

मी घाबरून वल्हं मारलं, तर नाक माशाकडेच वळलं.

"उलटं! अगं उलटं!"

दोन्ही पाय रोवून वल्हं उलटं रेटलं. होडी जड झाल्यासारखी वाटली, मग हळूच फिरली. तंगूस लाकडावरून सुटला. कटला थकला, तेव्हा त्याला झेल्यात (दांड्याच्या जाळीत) घेताना मी निम्मी पाण्यात होते. मालक हसत होते. वर्षभरात ते हसलेले पाहिले नव्हते.

आवस झाली तसे दीर होडी न्यायला आले. ओली होडी बघितली. "जमतंय म्हणा की," एवढंच म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

त्यानंतर आम्ही दोघं रोज पाण्यात असतो. रोज मासा मिळतोच असं नाही. मासा कुठं पळणार, हे मला काठीच्या वाकावरून जरा जरा कळायला लागलंय. लाजणं गेलं नाही, पण पाण्यावर ते आठवतही नाही.

परवा पुन्हा नगरला गेले. दुकानात गर्दी होतीच. दुकानदार म्हणाला, "ताई, लांब काठी आलीय. बदलून देऊ का?"

"नको. वल्ह्यावर मी असते," मी म्हणाले आणि राहिलेले सगळे पैसे त्याच्या हातात मोजून दिले.