पिनांगकाकांच्या शेंगा

पिनांगकाका फरसबीची एकेक शेंग पंच्यानं पुसत, न्हालेल्या लेकराचं अंग पुसावं तशी. "ओली शेंग तेलांत पडली कीं भांडते," म्हणत. हे माझे चुलत सासरे. तरुणपणी नागपट्टणमहून बोटीनं पिनांगला गेले, बंदरावर कारकुनी केली, एका चिनी बाईशी संसार मांडला. ती वारली तेव्हा कुंभकोणमला, मेलकावेरीच्या आमच्या घरी परतले. पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी नुकतीच सून होऊन आले होते.

घर सोवळ्याचं, विठ्ठलाचं. दर शनिवारी ओसरीवर भजन व्हायचं आणि काका डोळे मिटून टाळ वाजवायचे. "पिनांगांत सगळें मिळालें, वैनी. टाळाला जोडीदार तेवढा मिळाला नाहीं," असं ते सासूबाईंना सांगत. त्या ओसरीसाठीच ते परत आले होते.

पण महिन्यातून एकदा त्यांना बायकोच्या हातची भाजी आठवे. सासूबाईंनी तोडगा काढला होता. चूल विहिरीपलीकडे, कढई वेगळी, आणि आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. "भावजी, तुमचं तें तिकडेच ठेवा. मला नांव सांगूं नका," त्या म्हणत. "नांव चिनी आहे, वैनी. सांगून तुम्हांला कळायचें नाहीं," काका म्हणत, आणि सासूबाई पदराआड हसत.

आधी शेंगा सुरकुतेपर्यंत परतून बाजूला काढायच्या. मग डुकराच्या मांसाचा बारीक खिमा, त्याचं पाणी आटून चरबी सुटेपर्यंत. मग लसूण, सुकी मिरची, बाटलीतलं काळं सोयाचं पाणी. तिकडची खारवलेली मोहरीची पानं इथे कुठली मिळणार? काका त्याजागी आमच्याच बरणीतलं खारवलेलं नारत्तंगाय, म्हणजे उन्हात वाळवलेलं आंबट लिंबू, चिरून घालत. "माझी घरांतली असती तर नाक मुरडली असती," म्हणत आणि दोन घास जास्तच खात.

हे मला इतकं ठाऊक, कारण मी खात होते. कढीपत्ता तोडायला म्हणून जायचे, गोठ्यामागे केळीच्या पानावर घ्यायचे, पान पुरून यायचे. काकांनी पहिल्यांदा नको म्हटलं. पुढे एक वाटा बाजूला ठेवू लागले.

एका शुक्रवारी त्यांच्या कढईला तडा गेला. "राहूं दे या महिन्यांत," ते म्हणाले. राहू दिलं नाही ते मी. सासूबाई देवळात गेल्या होत्या. मी घरातली लोखंडी कढई घेऊन गेले. काका मागे सरले. "ही नैवेद्याची, बाळ."

"चिंच-राखेनं घासून ठेवीन. कोणाला कळणार आहे?"

दुसऱ्या दिवशी भजनाच्या सुंडलासाठी, म्हणजे प्रसादाच्या हरभऱ्याच्या उसळीसाठी, सासूबाईंनी ती चुलीवर चढवली. तापल्याबरोबर कढईनं वास सोडला. चार बायका बसलेल्या. सासूबाईंनी विचारलं, "कोण घेटलें हें?" मी नारळ खवत होते. खवतच राहिले.

काका दारात आले. टाळ हातातच होते. "मींच घेटलों, वैनी. माझी फुटली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोलले असते. असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. मी बोलले नसते.

भजनातली त्यांची जागा गेली. तीन शनिवार ते विहिरीपाशी बसून ऐकत राहिले. चौथ्याच्या आधी नागपट्टणमला गेले, बोट धरली. त्याच आठवड्यात सासूबाईंनी नैवेद्याचा स्वयंपाक माझ्याकडे सोपवला. "आतां तुझ्याशिवाय कोणाच्या हाताचा भरंवसा नाहीं," म्हणाल्या. मी मान डोलावली.

काही वर्षांनी काका गेल्याचं कार्ड आलं, महिनाभर उशिरा. उशिरा कळलेलं सुतक तीन दिवसांचं. ते तीन दिवस नैवेद्याला हात लावायची मला मनाई होती. सासूबाई असेपर्यंतच्या सगळ्या वर्षांत तेवढेच तीन दिवस मी घरात मोकळेपणानं वावरले.